काटकसरीचा प्रवास आणि कासवांचे गाव

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव मराठी घरांत पोहोचले ते मार्च १९७१ मध्ये. अजित वाडेकर यांच्या संघाने तेथील क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर वेस्ट इंडीजला कसोटी सामन्यात प्रथमच पराभूत केले. दिलीप सरदेसाई यांनी शतक झळकावले आणि सुनील गावसकर यांनी पदार्पणाच्याच सामन्यात दोन्ही डावांत अर्धशतके काढली. त्रिनिदादशी आपली ओळख बहुधा त्या मैदानापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. परंतु त्याच बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात, राजधानीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, ग्रांद रिव्हिएर नावाचे एक लहानसे गाव आहे. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ ‘मोठी नदी’. एका बाजूस घनदाट अरण्याचे डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मध्ये एक किलोमीटरही नसलेली वाळूची पट्टी, एवढाच या गावाचा पसारा. तरीही मार्च ते ऑगस्ट या काळात जगभरातील निसर्गप्रेमी या पट्टीची वाट धरतात. ऐन हंगामात येथे एका रात्रीत शेकडो महाकाय कासवे अंडी घालण्यासाठी समुद्रातून वर येतात.

मोजका पैसा घेऊन निघालेल्या प्रवाशालाही हे गाव परवडते. मात्र येथे येऊन प्रवासी कोठे बचत करतो आणि कोठे हात सैल सोडतो, यावर गावाचे बरेच काही अवलंबून आहे.

वाटेवरचा फराळ

राजधानीतून गावापर्यंत थेट वाहन सहसा मिळत नाही. ‘मॅक्सी टॅक्सी’ नावाच्या लहान बसगाड्या हे तेथील सर्वसामान्यांचे वाहन. पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांवर तांबडा पट्टा असतो. अशा गाडीने प्रथम सांग्रे ग्रांदे हे बाजाराचे गाव गाठावे आणि तेथून टोकोमार्गे जाणारी दुसरी गाडी पकडावी. दुपारनंतर या गाड्या विरळ होतात, म्हणून सकाळी लवकर निघणे हिताचे. रोख रक्कमही सांग्रे ग्रांदे येथेच काढून घ्यावी. पुढचा रस्ता समुद्राच्या कडेने वळणे घेत जातो आणि ग्रांद रिव्हिएरच्या पलीकडे मातलो या गावी संपतो. त्यापुढे मोटारीचा रस्ता नाही, केवळ अरण्यातील पायवाट आहे. चौघे-पाच जणांचे कुटुंब असेल, तर शेवटच्या टप्प्यासाठी सर्वांनी मिळून मोटार ठरविणे फारसे महाग पडत नाही. राजधानीत गुन्हेगारीचा उपद्रव आहे. त्यामुळे तेथे रात्री एकट्याने भटकू नये आणि गावी उजेडातच पोहोचावे, हे तेथील लोकही आवर्जून सांगतात.

शाकाहारी माणसाची चिंता या बेटावर बरीच हलकी होते. त्याचे कारण इतिहासात आहे. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास करारबद्ध मजूर घेऊन त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत अशी जहाजे येतच राहिली आणि सुमारे १ लाख ४० हजारांहून अधिक भारतीय या बेटावर उतरले. त्यांतील बहुसंख्य आजच्या बिहार आणि उत्तर प्रदेशातले होते. आज ३० मे हा तेथे राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे. उसाच्या मळ्यांत राबलेल्या या लोकांनी आपली चूल मात्र सोडली नाही. रस्त्याच्या कडेला सकाळी मिळणारे ‘डबल्स’ हे त्याचेच फळ. हळद घातलेले दोन मऊ तळलेले ‘बारा’, त्यांमध्ये शिजवलेले चणे, वर चिंचेची चटणी आणि कैरीचा ‘कुचेला’. थोडक्या पैशांत पोट भरते. वांग्याच्या भरिताला तेथे ‘बैगन चोखा’ म्हणतात. अळूची पाने आणि डाळीचे पीठ यांपासून तळलेला ‘सहीना’ पाहून मराठी माणसाला अळूवडीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

डबल्सच्या चण्यात कांदा-लसूण बहुधा असतोच. ज्यांना ते वर्ज्य आहे, त्यांनी विचारूनच घ्यावे. ग्रांद रिव्हिएर गावात भारतीय वंशाची वस्ती थोडी. भारतीय प्रामुख्याने मध्य आणि दक्षिण त्रिनिदादच्या सपाट प्रदेशात स्थिरावले, तर या किनाऱ्यावर आफ्रिकी वंशाचे, तसेच व्हेनेझुएलाहून कोकोच्या मळ्यांत काम करण्यासाठी आलेल्यांचे वंशज राहतात. त्यामुळे तेथील ताटात मासळी आणि कंद यांचे प्रमाण मोठे. ‘कालालू’ ही अळूच्या पानांची भाजी वरकरणी शाकाहारी दिसते, पण तीत अनेकदा खेकडा घातलेला असतो. मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास यजमान गृहिणी भात, मसूर, भोपळा, केळी आणि कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात त्या फळाची भाजी आनंदाने करून देते. आंबे आणि शहाळी तर विपुल. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची येथे गैरसोय होत नाही, उलट सोयच होते. सूर्य सहा-साडेसहाला मावळतो आणि कासवे पाहण्याची वेळ त्यानंतरची असते.

अंधारातील पाहुणी

किनाऱ्यावर येणाऱ्या या कासवाला लेदरबॅक म्हणतात. जगातील कासवांमध्ये हे सर्वांत मोठे. लांबी दीड ते दोन मीटर आणि वजन तीनशे ते पाचशे किलोंपर्यंत. याच्या पाठीवर इतर कासवांसारखे कठीण कवच नसते. चामड्यासारखी त्वचा आणि तीवर लांबट उभे कंगोरे असतात. जेलीफिश हे याचे मुख्य अन्न. त्याच्या शोधात ते अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या थंड पाण्यापर्यंत जाते आणि मादी पुन्हा याच परिसरातील किनाऱ्यांवर परतते.

रात्री वाटाड्यासोबत पर्यटकांची लहान तुकडी किनाऱ्यावर उतरते. पांढरा प्रकाश वर्ज्य. केवळ तांबड्या काचेचा मंद दिवा चालतो. वाटाड्याने हात वर केला की सर्वांनी थांबायचे. मादी आपले अवजड शरीर फरफटत भरतीच्या रेषेच्या वर आणते आणि मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी वाळू उकरू लागते. हे दृश्य पाहणारा सहसा बोलत नाही. एक पाय आत जातो, ओंजळभर वाळू उचलून बाजूस टाकतो, मग दुसरा. हातभराहून अधिक खोल, सुबक घडा तयार होतो आणि त्यात ऐंशीच्या आसपास अंडी पडतात. या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहते. पाहणाऱ्यांना ते अश्रू वाटतात. वस्तुतः शरीरातील जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचा तो स्राव असतो. अंडी घालून झाल्यावर ती खड्डा बुजवते, भोवतीची वाळू विस्कटून खूण मोडते आणि परत समुद्राकडे वळते. या साऱ्यास दीड-दोन तास लागतात. साधारण दहा दिवसांनी ती पुन्हा येते. असे एका हंगामात अनेक वेळा घडते.

सुमारे दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात. दिवसाउजेडी वर आलेल्या पिलांवर गिधाडे आणि भटकी कुत्री टपलेली असतात. म्हणून गावकरी अशी पिले बादलीत गोळा करून ठेवतात आणि सायंकाळी पाण्याच्या कडेला सोडतात. तळहाताएवढे पिलू लाटेत शिरताना पाहण्याचे भाग्य पहाटे किंवा तिन्हीसांजेला किनाऱ्यावर असणाऱ्यास लाभते.

मुद्दल आणि व्याज

हे सारे पूर्वापार असेच चालत आले आहे, असे नाही. एकेकाळी हे गाव कोकोवर जगत होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाव कोसळले, झाडांवर रोग पडला आणि मळे ओस पडू लागले. उरली ती थोडी शेती आणि मासेमारी. अशा गावात किनाऱ्यावर स्वतःहून चालत येणारे कासव म्हणजे मांस आणि अंडी. कासवांची कत्तल येथे उघडपणे चालत असे.

बदल आला तो १९९० च्या दशकात. त्रिनिदादच्या पूर्व किनाऱ्यावरील मातुरा येथे १९९० मध्ये अंडी घालण्याच्या काळात किनाऱ्यावर विनापरवाना प्रवेशास बंदी झाली. ग्रांद रिव्हिएरला १९९७ मध्ये तोच नियम लागू झाला. परंतु कागदावरील नियमाने रात्रीचा अंधार राखला जात नाही. तो राखला गावकऱ्यांनी. त्यांनी वाटाड्यांची संघटना उभी केली, पाळीपाळीने गस्त सुरू केली, आलेल्या कासवांची मोजदाद व नोंद ठेवली आणि पाहुण्यांकडून शुल्क घेण्यास आरंभ केला. ज्या घरांत कासवाचे मांस शिजत होते, त्याच घरांतील तरुण कासवांचे राखणदार झाले. पुढे २०११ मध्ये देशभर समुद्री कासवांच्या शिकारीवर वर्षभराची बंदी आली. तोपर्यंत वर्षातील काही महिने ती कायदेशीर होती.

व्यापारी कुटुंबाला या बदलामागील हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. कासव मारले, तर मांस एकदाच मिळते. ते जिवंत राहिले, तर एका हंगामात अनेकदा आणि काही वर्षांनी पुन्हा परत येते. दर वेळी वाटाड्याला शुल्क मिळते, खोली भाड्याने जाते, स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीच्या हाती चार पैसे पडतात. गावाने मुद्दल मोडून खाण्याचे सोडले आणि व्याजावर संसार उभा केला. मात्र या हिशेबात एक अट आहे. व्याज खरोखर गावाच्या हाती पडले पाहिजे. ते पडेनासे झाले, तर मुद्दलाकडे पुन्हा हात जाण्यास वेळ लागत नाही.

आणि मुद्दल आजही निर्धोक नाही. जुलै २०१२ मध्ये नदीने पात्र बदलले आणि किनारा कापला जाऊ लागला. प्रवाह वळविण्यासाठी अवजड यंत्रे वाळूवर उतरविण्यात आली आणि त्यांखाली हजारो अंडी व पिले चिरडली गेली. समुद्रात मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मादीकासवे बुडतात. वायव्य अटलांटिकमधील लेदरबॅकची संख्या इतकी घटली, की २०१९ मध्ये त्यांची नोंद संकटग्रस्त म्हणून करण्यात आली.

कोठे वाचवावे, कोठे वाचवू नये

काटकसरी प्रवाशाने या गावी बचत अवश्य करावी. किनाऱ्यावरील हॉटेलाऐवजी गावातील घरात खोली घ्यावी. भाडे कमी आणि ते थेट घरमालकाच्या हाती पडते. मोटारीऐवजी मॅक्सी टॅक्सीने यावे. समुद्र खवळलेला असतो, म्हणून नदीच्या गोड्या पाण्यात स्नान करावे, त्यास पैसे पडत नाहीत. पहाटे अरण्याच्या कडेला उभे राहिल्यास ‘पावी’ हा पक्षी दिसू शकतो. तो त्रिनिदादखेरीज जगात अन्यत्र आढळत नाही.

परंतु परवाना आणि वाटाड्याचे शुल्क यांत घासाघीस करू नये. परवान्याविना, वाटाड्याविना चोरून किनाऱ्यावर जाण्याचा मोह तर मुळीच धरू नये. एका प्रवाशाचे चार पैसे वाचतात, पण ज्या विश्वासावर राखणदार रात्रभर जागतो, त्याला तडा जातो. उजेड दिसल्याने बिथरलेली मादी अंडी न घालताच परत फिरते, हे नुकसान वेगळेच.

जाण्यापूर्वी एक गोष्ट विसरू नये. त्रिनिदादहून भारतात परतणाऱ्यास पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि ती लस किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. लंडन, अॅमस्टरडॅम किंवा न्यूयॉर्कमार्गे जाताना वाटेतील देशाच्या परवानगीचीही चौकशी करून ठेवावी.

इतक्या दूर जाणे सर्वांनाच जमेल असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावीही २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. हंगामात तेथील घरांत पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय होते आणि पहाटे पिले समुद्रात सोडली जातात. वेळासची कासवे आकाराने लहान, किनारा वेगळा, भाषा आपली. पण पाहुण्याने दिलेल्या पैशावर राखणदारी चालते, हा व्यवहार तोच. तेथे जाणाऱ्यानेही मुक्कामाचे पैसे मोजताना मन मोठे ठेवावे. रात्री वाळूवर जागणाऱ्याची मजुरी त्यातूनच भागते.