गळाची दोरी कोणती घ्यावी?

मैत्रिणींनो, सुट्टीच्या दिवशी पहाटे तुमच्या डब्यातली कणीक मूठभर कमी होते का? हिंगाची डबी ओट्यावर उघडी सापडते का? मग तुमच्याही घरात गळाचं वेड शिरलं आहे असं खुशाल समजा! आमच्या मारुंजीत ते चांगलंच रुजलं आहे. कारखान्यातल्या मंडळींची सुट्टी गुरुवारी, हिंजवडीच्या संगणकवाल्यांची शनिवार-रविवारी, आणि दोघांच्याही मोटारसायकली कासारसाईच्या नाहीतर पवना धरणाच्या वाटेला.

आता तुम्ही म्हणाल, गळाशी आपला काय संबंध? अहो, घरखर्चाची वही आपल्या हातात असते ना! काठी हजारांच्या घरात, रीळ तितकंच महाग, आणि दोरीची वेळ आली की "द्या कसली तरी मजबूत." आमच्याकडे 'ह्यां'नी आणि चिरंजीवांनी ही खरेदी सुरू केली तेव्हा मी बारकाईने पाहू लागले. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे गणित समजायला वेळ लागत नाही. तलम वॉयलला गोधडीचा दोरा आपण लावत नाही. तसंच नाजूक काठीला जाड दोरी लावायची नाही.

ही दोरी म्हणजे आपला ओळखीचा तंगूसच. माळेतले मणी ओवायला, तोरण बांधायला आपण आणतो तो. नायलॉनची घोषणा अमेरिकेत १९३८ साली झाली. बायकांचे पायमोजे १९४० साली सगळीकडे विकायला आले, पण गळाची दोरी आणि दात घासायच्या ब्रशाचे केस त्याआधीच बाजारात होते. त्यापूर्वी तिकडचे शौकीन घोड्याच्या शेपटीचे केस, रेशमाचा पीळ, नाहीतर रेशीमकिड्याच्या पोटातून ओढलेला तंतू वापरत. रेशमाची दोरी दर वेळी वाळवावी लागे, नाहीतर कुजे. नायलॉनने ती कटकट संपवली.

हल्ली दुकानात तीन जातींची दोरी मिळते. पहिला साधा एकपदरी तंगूस. तो ताणला की पाचव्या-चौथ्या हिश्श्याने लांबतो, म्हणून मासा हिसडा देतो तेव्हा धक्का सोसून घेतो. स्वस्त आहे, गाठ चांगली धरतो. दुसरी विणलेली दोरी, अनेक बारीक धाग्यांची वेणी. तेवढ्याच जाडीत ती कितीतरी पट मजबूत, पण जवळजवळ ताणतच नाही. मासा नुसता हुंगून गेला तरी बोटाला कळतं, आणि हिसडा बसला की तो थेट काठीवर नाहीतर माशाच्या जबड्यावर बसतो. तिसरी फ्लोरोकार्बनची. दिसायला तंगूसासारखीच, पण पाण्यात कमी दिसते, लवकर बुडते आणि दगडाला घासून सहसा तुटत नाही. महाग असते, तेव्हा रीळभर घेऊ नये. टोकाला हात-दीड हात जोडली की काम भागतं. नवशिक्याला मात्र पहिलं वर्षभर तंगूसच द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. विणलेली दोरी शिकाऊ हातात गुंतते, आणि ती सोडवायला बसतं कोण? आपणच!

आता दुकानदाराच्या "किती पौंडाची देऊ?" या प्रश्नाकडे येऊ. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. दहा पौंडांची दोरी सुमारे साडेचार किलोच्या ओढीला तुटते. यावरून पुष्कळांना वाटतं, पाच किलोच्या माशाला निदान पाच किलोची दोरी हवी. तसं नाही. आर्किमिडीज आपण सगळ्याच शाळेत शिकलोय. पाण्यात माशाला वजन जवळजवळ नसतंच. दोरी तुटते ती त्याच्या धावेने, किंवा किनाऱ्याशी आल्यावर त्याला दोरीनेच वर उचलायला गेलं की. तिथे हातजाळी घ्यावी. आणखी एक गणित मुलांना जरूर घालावं: जाडी दुप्पट केली की ताकद साधारण चौपट होते, कारण छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं. ०.२० मिलिमीटरच्या जागी ०.४० ची घेतली म्हणजे "जराशी जाड" घेतली असं होत नाही.

काठीच्या मुठीजवळ बारीक अक्षरांत दोन आकडे लिहिलेले असतात, समजा ६ ते १२ पौंड. दोरी त्या मर्यादेतलीच घ्यायची. जास्त जाड घेतली तर अडलेला गळ ओढताना दोरी टिकते आणि काठीचा शेंडा मोडतो. कमजोर जागा दोरीतच हवी, कारण चार हात दोरी गेली तर फारसं बिघडत नाही. रिळाच्या चकतीवरही ०.२५/२४० असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे त्या जाडीची तेवढे मीटर दोरी तिच्यावर मावते.

गावाकडची बांबूची काठी असेल, तर रीळ नाहीच. काठीएवढी लांब दोरी शेंड्याला बांधायची, मध्ये तरंगणारं भेंड, खाली शिशाचा मणी आणि लहान गळ. चिलापीसाठी ०.२० चा तंगूस पुरतो. बांबू स्वतःच लवून धक्का खातो. लहान मुलांसाठी मी हीच काठी पसंत करते, पैसेही वाचतात.

काठीच्या खाली लटकणारं, चकती स्थिर राहून दोरी वेटोळ्यांनी सुटणारं रीळ सर्वांत जास्त खपतं. त्याला मऊ, बारीक दोरीच मानवते. जाड तंगूस ताठ असतो, वेटोळी उसळून बाहेर पडतात आणि फेक जवळच पडते. २००० किंवा २५०० नंबरच्या रिळावर ०.२२-०.२५ ची, कटला-रोहूसाठी ४००० नंबरवर ०.३० ते ०.३५ ची, याच्या पलीकडे जाऊ नये. काठीच्या वर बसणाऱ्या, चकतीच फिरणाऱ्या रिळाला जाड दोरी चालते. मरळीसारखा दातांचा मासा पाणवनस्पतींत दडलेला असतो. त्याला तिथून उपटून काढायला वीस-तीस पौंडांची विणलेली दोरी याच रिळावर हवी. तिथे फार बारीक घेतली तर ओढ बसताच ती खालच्या पदरांत रुतून बसते.

दोरी भरणं हे मात्र खरं कौशल्य. मशीनची बॉबिन सैल भरली की टाका बिघडतो हे आपल्याला माहीत आहेच. नवी चकती जमिनीवर आडवी ठेवावी, दोरी ओल्या फडक्यातून चिमटीत धरून ताणत भरावी. स्थिर चकतीच्या रिळावर भरताना दहा-बारा फेऱ्यांनंतर थांबून दोरी ढिली सोडून पाहावी. पीळ पडत असेल तर जमिनीवरची चकती उलटी करावी. काठापासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडावी. विणलेली दोरी असेल, तर आधी खाली थोडा तंगूस गुंडाळावा, नाहीतर सगळी गुंडाळी चकतीवर घसरत गोल फिरते आणि मासा ओढू लागला की गंमत होते!

गाठ मारताना दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवा, सैल गाठ मारा, उरलेल्या फासातून अख्खा गळ काढून घ्या आणि गाठ ओली करून मगच आवळा. कोरडी आवळली तर घर्षणाने तापून नायलॉन तिथेच दुबळा होतो. रिळाचा ताण दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवायचा. तो मोजायला प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा उत्तम. दहा पौंडांच्या दोरीला काटा सव्वा-दीड किलोवर असताना रीळ सुटायला लागलं पाहिजे. आणि विणलेली दोरी हाताला गुंडाळून कधीही ओढू देऊ नका, ती सुरीसारखी कापते.

इतकी काळजी कशाला, असं वाटेल. पण तुटलेली दोरी म्हणजे तोंडात गळ घेऊन फिरणारा मासा. आपल्या मुळा-मुठेतल्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केलं. त्याच्या शास्त्रीय नावात 'खुद्री' आजही आहे. पुढे हा मासा इतका कमी झाला, की टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवावी लागली. असा मासा लागलाच तर पाण्यातच गळ काढून सोडून द्यावा. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा आधी विचारूनच बसावं. आणि शहरातून वाहत आलेल्या मुळा-पवनेतला मासा, कितीही ताजा दिसला तरी, मी तरी कढईत घालणार नाही.

मागच्या श्रावणात माझ्या वर्गातल्या मुलांनी ओढ्याकाठून एक ढोकरी आणली. दोन्ही पाय तंगूसाने करकचून बांधलेले, एक पाय सुजून काळा पडलेला. भरतकामाच्या कात्रीने दोरी कापली. ती उडाली, पण पाय लोंबतच होता. हा तंगूस कुजत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो. म्हणून गळाच्या पिशवीत झाकणाची एक रिकामी बाटली ठेवायला लावा. पाण्याकाठी दोरीचा एकही तुकडा टाकायचा नाही, सगळे तुकडे त्या बाटलीत. घरी आल्यावर बोटभर तुकडे करून बाटलीसकट सुक्या कचऱ्यात द्यावे. वापरातल्या दोरीवरून नख फिरवा. खरखर लागली तर टोकाचा मीटरभर भाग कापा. रिळं गॅलरीतल्या उन्हात टांगू नका, उन्हाने नायलॉन ठिसूळ होतो. माझ्याकडे ती शिलाईच्या कपाटात, खालच्या खणात असतात, आणि कणकेचा हिशेब आता रविवारऐवजी शनिवारी रात्रीच मागून घेते.