दोन टक्के काळा

आर. के. पुरममध्ये बातमी मिळेल ती सरकारी ब्लॉकांत, अशी दिल्लीतल्या पत्रकारांची समजूत. संपादकांनी मला धाडलं ते एका क्वार्टरच्या मागल्या बाल्कनीत. तिथे निवृत्तीला आलेले एक मराठी काका (नाव न छापण्याच्या अटीवर) इंजेक्शनच्या सिरिंजने काळी शाई पातळ करत बसले होते.

साध्या इंकजेटवर कृष्णधवल फोटो काढला की राखाडी छटा बऱ्याचदा रंगीत शाया मिसळून बनते. मग तोच फोटो ट्यूबलाइटखाली हिरवट आणि उन्हात जांभळट दिसू शकतो. नुसती काळी वापरावी तर आभाळात ठिपके उमटतात. यावर अमेरिकेत जॉन कोन यांनी पिएझोग्राफी नावाने तयार राखाडी शायांचे संच विकायला काढले, तर पॉल रोर्क यांनी कार्बन शाई घरीच पातळ करायच्या कृती सर्वांना खुल्या केल्या. 2005 मध्ये एप्सनच्या काही प्रिंटरांत तीन-तीन काळ्या आल्या. काकांचं तेवढ्याने भागत नाही.

त्यांचा हिशेब असा: 100 मिलीच्या एका बाटलीत 30 मिली शाई, दुसरीत 9, तिसरीत फक्त 2. बाकी डिस्टिल्ड वॉटर, ग्लिसरीन आणि शाई नीट पसरावी म्हणून एका द्रवाचे मोजके थेंब.

नळाचं पाणी का नाही, मी विचारलं.

"अगं, गुठळ्या होतील!"

कार्बनचे कण सारख्या विद्युतभारामुळे एकमेकांपासून लांब राहतात. जड पाण्यातले क्षार तो भार मारतात. पोथ्यांच्या काजळाच्या शाईत कण सुटे ठेवायचं काम डिंक करायचा.

दोन टक्क्यांची शाई बाटलीत काळीच वाटते. कागदावर थेंब टाकला तर चक्क तपकिरी! पातळ कार्बनचा हा स्वभावच. काका मग त्यात निळ्या पिगमेंटचा किंचित अंश घालतात, थेंब सुकू देतात, पुन्हा बघतात. शेवटी राखाडीच्या 21 पायऱ्यांची पट्टी छापायची, रात्रभर वाळवायची, स्कॅन करायची आणि क्वाडटोन रिप या सॉफ्टवेअरमध्ये शाईच्या प्रमाणाची वक्ररेषा सुधारायची. एवढा सोस एका राखाडीसाठी! मला तो पटला.

त्रास मात्र पुष्कळ. लू सुरू झाली की नोझल सुकतात. पिगमेंट तळाशी बसतं, म्हणून कार्ट्रिज काढून हलवावी लागते. जुन्या प्रिंटरचं हेड गेलं तर नवं मिळणं मुश्कील, आणि मिळालं तरी किंमत परवडत नाही. बऱ्याच नव्या यंत्रांतल्या चिपा बाहेरची शाई नाकारतात. कंपन्यांना शाई विकायची आहे, ग्राहकाने ती घरी ढवळलेली त्यांना नको. काकांचं कसब अशा कंपन्यांच्या यंत्रावर अवलंबून आहे, याचीच मला काळजी वाटते.

घरातला आजोबांचा फोटो पुन्हा छापून घ्यायचा असेल तर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: शाई डायची (विरघळलेल्या रंगाची) की पिगमेंटची (रंगकणांची), आणि कागदात त्याला शुभ्र दाखवणारं रसायन आहे का. कार्बनचं पिगमेंट टिकतं, ते रसायन मात्र निकामी होतं आणि कागद पिवळट दिसू लागतो.