सहा वाजताचा डबा

एप्रिल २०१७ च्या अखेरीस मी बँकेच्या सेवेतून निवृत्त झाले. ३० तारखेला रविवार आल्याने निरोपसमारंभ २९ लाच उरकला गेला. शाल, श्रीफळ आणि सहकाऱ्यांनी केलेली थोडी अतिशयोक्त स्तुती घेऊन मी चंद्रपूरच्या घरी परतले, तेव्हा पुढील दोन वर्षांचा आराखडा मनात तयार होता. प्रथम सम्मेदशिखरजीची यात्रा, नंतर गुडघ्यांवर उपचार, आणि मग सदतीस वर्षे वाचावयाची राहून गेलेली पुस्तके. नोटाबंदीचे पन्नास दिवस मी शाखेत काढले होते; त्यामुळे विश्रांतीवर आपला हक्क आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. या आराखड्यात एकोणीस महिन्यांच्या नातवाचा उल्लेख नव्हता. त्याची आई घरी होती, तो तिच्याजवळ होता. माझे काम त्याचे कौतुक करण्यापुरतेच, अशी माझी समजूत होती.

आमचे कापडाचे दुकान सासऱ्यांच्या काळापासूनचे. साड्या, लुगडी, धोतरजोड्या आणि ताग्यांतून मीटरवर कापून द्यावयाचे कापड, एवढाच माल. आमच्यासारख्या कापडव्यापाऱ्यांना विक्रीकर ठाऊकच नव्हता, हे नव्या पिढीला कदाचित सांगावे लागेल. १९५७ मध्ये कापड, साखर आणि तंबाखू यांवरील राज्यांचा विक्रीकर बाजूला ठेवून केंद्राने त्याऐवजी अतिरिक्त उत्पादनशुल्क बसविले. ते गिरणीच्या दारातच वसूल होई. त्यामुळे दोन पिढ्या आमच्या गादीवर लाल कापडी बांधणीच्या वह्या, दिवाणजींचे वळणदार अक्षर आणि ‘लिहून ठेवा, हंगामाला देतो’ हा ग्राहकाचा शब्द, यांवर व्यवहार चालला. १ जुलैपासून वस्तू व सेवा कर येणार आणि कापडही त्यातून सुटणार नाही, असे त्या मे महिन्यात आमच्या सनदी लेखापालांनी स्पष्ट सांगितले. प्रत्येक बिल संगणकावर, प्रत्येक मालाला सांकेतिक क्रमांक, महिन्याकाठी विवरणपत्रे. दिवाणजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते म्हणाले, ‘‘शेटजी, या वयात आता मला मोकळे करा.’’

मेच्या पहिल्या रविवारी घरात बैठक झाली. यजमानांनी विषय मांडला आणि निर्णयही तिथेच सांगून टाकला. ‘‘तू आता मोकळीच आहेस. एम.कॉम. झालीस, सदतीस वर्षे बँकेत काढलीस. संगणकावर बसायला तुझ्याइतके योग्य कोण आहे?’’ मुलाने मान डोलावली. सूनबाई ताक घेऊन आली होती. ट्रे खाली ठेवता ठेवता ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘मी लग्नाआधी सहा महिने टॅलीचा वर्ग केला होता.’’ कोणी ऐकले नाही. म्हणजे ऐकले सर्वांनी, पण ती माहिती कामाची आहे, असे कोणालाही वाटले नाही. ती बी.कॉम. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण आहे, हे लग्न जमविताना आम्हीच चार ठिकाणी अभिमानाने सांगितले होते.

मी म्हणाले, ‘‘दुकानात ती बसेल. बाळाला मी सांभाळते.’’

‘‘तुला जमेल?’’ यजमानांनी विचारले. प्रश्नात उपहास नव्हता. आमच्या मुलाच्या बालपणाची त्यांना माझ्याइतकीच आठवण होती.

१९८९ मध्ये मला अधिकारीपदाची बढती मिळाली आणि तिच्यासोबत गडचिरोलीची बदली. ऑगस्ट १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला तो जिल्हा तेव्हा नवाच होता. बदली नाकारली तर बढतीही जाणार होती. मुलगा दोन वर्षांचा. चंद्रपूर ते गडचिरोली अंतर सुमारे ८० किलोमीटर. मूल, सावली, व्याहाड आणि मग वैनगंगेचा पूल. एस. टी.ने रोज जाणे-येणे अशक्यच होते. सासूबाई जेमतेम सही करण्यापुरत्या शिकलेल्या. त्यांनी माझ्याकडे एवढेच मागितले, ‘‘तुझे एक नेसलेले लुगडे न धुता ठेवून जा.’’ त्या लुगड्याचे दुपटे करून त्या मुलाला त्यावर निजवीत. सोमवारी पहाटे मी निघे आणि शनिवारी अर्ध्या दिवसाचे काम आटोपून संध्याकाळी परत येई.

अशाच एका शनिवारी मी अंगणात शिरले आणि हात पुढे केले, तेव्हा मुलाने सासूबाईंचा पदर घट्ट धरला आणि त्यांनाच ‘आई’ म्हणून हाक मारली. त्या रात्री मी पुष्कळ रडले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘त्याला दोन आया आहेत, यात रडण्यासारखे काय आहे? पण शनिवार चुकवू नकोस.’’ तीन वर्षांत मी अकरा शनिवार चुकविले. ती संख्या मला अजून पाठ आहे.

तेव्हा २०१७ च्या त्या बैठकीत मी फार मोठा त्याग केला, असे कोणी समजू नये. सासूबाई २००३ मध्ये गेल्या. त्यांचे देणे त्यांना फेडण्याची सोय उरली नव्हती. ते दुसऱ्याच्या खात्यावर जमा करावे लागणार होते.

मात्र खरोखरीच मला काही जमत नव्हते. नोटांचे बंडल मी डोळे मिटून मोजू शकत होते. एकोणीस महिन्यांच्या मुलाला चार घास वरणभात भरविणे हे निराळेच शास्त्र होते. पहिले आठ दिवस सूनबाई फाटकातून बाहेर पडली की नातू फाटकाचे गज धरून अर्धा तास आक्रोश करी. शेजारणी डोकावून जात. ‘‘एवढ्याशा लेकराला टाकून दुकानात बसायची काय गरज होती?’’ असे एकीने मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटले. दुकानात बाप रोज जातो, आजोबा रोज जातात; त्यांना हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही.

त्यात चंद्रपूरचा मे महिना. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जाणे ही बातमी नसते. भोवती कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्राची धुराडी, आणि दुपारी अकराला सामसूम होणारे रस्ते. वीज केंद्र जवळ असूनही दिवे जातात ते नेमके दुपारी दोनला, हे येथील कोणीही सांगेल. कूलर बंद पडला की मूल पाच मिनिटांत घामाने निथळते. विदर्भात लू लागू नये म्हणून लोक खिशात कांदा ठेवतात. आमच्या घरी कांदा उंबरठ्याच्या आत येत नाही. त्यामुळे आमची सारी भिस्त कैरीच्या पन्ह्यावर, ताकावर, सब्जाच्या पाण्यावर आणि वाळ्याच्या ताट्यांवर. पाणी उकळून गार केलेलेच पिण्याचा आमचा कुळाचार आहे, आणि लहान मूल असलेल्या घरात उन्हाळ्यात तो फार कामाचा ठरतो, हे मला त्या वर्षी नव्याने उमगले.

तरीही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नातू आजारी पडला. रात्री उलट्या, जुलाब, पहाटेपर्यंत डोळे खोल गेलेले. सूनबाई त्याला मांडीवर घेऊन म्हणाली, ‘‘आई, मी उद्यापासून दुकानात जात नाही.’’ घरातील कोणीही तिला ‘असे म्हणू नकोस’ असे म्हणाले नाही. तेव्हा मला बोलावेच लागले. सकाळी चिरून ठेवलेले टरबूज संध्याकाळी मीच त्याला दिले होते. फ्रिजमध्ये जागा नव्हती, म्हणून ते दिवसभर ओट्यावर राहिले होते. चूक दुकानाची नव्हती, माझी होती. हे सर्वांसमोर सांगताना मला जितकी लाज वाटली, तितकी सेवाकाळात एकदाही वाटली नसेल.

डॉक्टरांनी क्षारसंजीवनीची पुडी आणि झिंकच्या गोळ्या दिल्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पुडी, आणि दर काही मिनिटांनी चमचा-चमचा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. जुलाब थांबले तरी झिंक चौदा दिवस चालू ठेवावयाचे, असे त्यांनी बजावले. आम्ही बहुतेक जण येथेच चुकतो. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या मिश्रणाने असंख्य प्राण वाचविले. मी गडचिरोलीत होते, तेव्हा डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे काम तेथे रुजू लागले होते. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही बालकाचा आजार ओळखून पहिला उपचार करणे शिकविता येते, हे त्यांनी पुढे जगाला दाखवून दिले. त्याच गावी तीन वर्षे राहून मी हे पाणी करावयास शिकले ते साठाव्या वर्षी, दोन रात्री जागून!

तिसऱ्या दिवशी नातू उठून बसला. सूनबाई चौथ्या दिवशी दुकानात गेली. जाताना तिने एकदाच मागे वळून पाहिले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती रात्री साडेआठला परतली, तेव्हा नातू माझ्या खांद्यावर पेंगुळला होता. त्याने मान वळविली, तिच्याकडे पाहिले, मग माझ्या मानेत तोंड खुपसून मला म्हणाला, ‘‘आई.’’ सूनबाई हसली आणि हात धुवायला आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे ते अंगण मला जसेच्या तसे दिसले.

माझ्या आठवड्यात निदान शनिवार होता. हिच्या दिवसात असा एकही क्षण नव्हता. शिवाय तिच्या जेवणाचेही हाल होत होते. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते. त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळे, आणि उन्हे उतरल्यावर गिऱ्हाईक यायचे तेही नेमके त्याच वेळी. यजमान आणि मुलगा आळीपाळीने घरी येऊन जेवून जात. संगणक सोडून येणे तिला शक्य नव्हते. महिनाभर ती दूध आणि खाकऱ्यावर दिवस काढीत होती, आणि हे मला उशिरा कळले.

दुसऱ्या दिवशी मी पाच माणसांचा डबा भरला, रिक्षा बोलावली आणि नातवाला घेऊन सहाला दुकानात जाऊन बसले. मागच्या खोलीत चटई अंतरली. सूनबाई हात पुसत आली. नातवाला तिने मांडीवर घेतले, आणि माझ्या हातून चार घासही न खाणारा तो मुलगा तिच्या हातून वाटीभर दहीभात जेवला. तेव्हापासून रोज सहाचा डबा दुकानात जाऊ लागला. रात्रभोजनत्यागाचा नियम व्यापारात अडचणीचा आहे, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. आमच्या घरी त्या वर्षी दिवसातून एकदा सर्वांना एका ताटाभोवती बसविले ते त्याच नियमाने.

दुकानातील त्या तासाने मलाही बरेच दाखविले. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो; सत्तर पानांचा एक पुडा, अशा पुड्यांच्या शेकड्यावर मजुरी. तो पैसा हाती आला की चामोर्शी, सावलीकडची माणसे कापडाला येतात. एका संध्याकाळी अशीच एक तरुणी आली. कडेवर आमच्या नातवाएवढीच मुलगी. सूनबाईने विचारले, ‘‘पाने तोडायला जाता, तेव्हा हिला कुठे ठेवता?’’ ती म्हणाली, ‘‘ठेवणार कुठे? पहाटे पाठीशी बांधून नेते. झाडाखाली निजवते, मोठी पोरगी राखण करते.’’ मोठी पोरगी म्हणजे सात वर्षांची. आणि आमच्या जिल्ह्यांतील जंगल म्हणजे वाघाचे जंगल. पानांच्या आणि मोहाच्या हंगामात माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कूलरसमोर बसून नातू सांभाळणारी मी काही बोलू शकले नाही. सूनबाईने तिला दोन साड्या दाखविल्या, भाव यजमानांना न विचारता स्वतःच ठरविला, आणि मुलीला झबल्यापुरते कापड वर दिले. यजमानांनी ते पाहिले, पण काही म्हटले नाही. बायका ग्राहक सूनबाईपाशी अधिक मोकळेपणी बोलतात, हे त्यांच्या व्यापारी नजरेतून सुटले नव्हते.

३ जूनला दर ठरले होते : सुती कापडास ५ टक्के, तेंदूपानास १८ टक्के, विडीस २८ टक्के. ३० जूनच्या रात्री साऱ्या मालाची मोजदाद करावयाची होती. दूरदर्शनवर संसदेच्या मध्यवर्ती सभागृहातील समारंभ चालू होता. आमच्या दुकानात यजमान तागे उलगडून मीटर सांगत होते, मुलगा पट्टीने पडताळीत होता, सूनबाई टंकित करीत होती. नातू लुगड्यांच्या गठ्ठ्यावर झोपला होता. रात्री दीडला दिवाणजी काठी टेकीत आले. झोप लागेना, म्हणून आले, म्हणाले. त्यांनी जुन्या वहीतील अखेरची शिल्लक मोठ्याने वाचली. पडद्यावरील आकडा आणि वहीतील आकडा यांत दोन ताग्यांचा फरक होता. ते दोन तागे नातवाच्या अंगाखाली सापडले.

सकाळची भवानी सहाशे रुपयांच्या साडीने झाली. केंद्राचे पंधरा, राज्याचे पंधरा. बिल छापून आले तेव्हा यजमानांनी ते कपाळाला लावले आणि ग्राहकाला देण्याऐवजी चुकून खिशात घातले. सूनबाईला दुसरी प्रत काढावी लागली.

शिखरजीची यात्रा जानेवारी २०१८ मध्ये झाली. गुडघ्यांचे अद्याप राहिलेच आहे. नातू आता नऊ वर्षांचा झाला. त्याने दोघींना वेगळी नावे कधी दिली, ते लक्षात नाही. मी ‘आजी’ झाले, एवढे खरे. सहाचा डबा अजून दुकानात जातो. तो पोहोचविण्याचे काम आता त्याच्याकडे आहे, आणि वाटेत तो त्यातील एक पुरी काढून खातो, म्हणून मी एक पुरी जास्त घालते.