टू-स्ट्रोक इंजिन बंद का पडते?

यंत्र बंद पडले की पहिला ठपका ते चालविणाऱ्या हातावर येतो. पाठीवर फवारणीचे यंत्र वाहणारा मजूर असो की रस्त्याच्या कडेचे गवत कापणारा ठेक्यावरचा कामगार असो, 'तुलाच नीट चालवता येत नाही' हे वाक्य त्याला पाठ झालेले असते. आमचे म्हणणे असे की, ठपका ठेवण्यापूर्वी इंजिनालाच विचारावे. ते खरे उत्तर देते. विचारण्याचा क्रम मात्र ठाऊक असावा लागतो.

आपल्यापैकी अनेकांनी जुनी चेतक स्कूटर कलती करून किक मारलेली आहे. १९७२ साली आलेली ती स्कूटर दीर्घकाळ टू-स्ट्रोक इंजिनावरच धावली. अशा इंजिनात पिस्टनच खालीवर होताना सिलिंडरच्या भिंतीतील दारे उघडतो आणि मिटतो. इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे यांनी १८९० च्या सुमारास अशी रचना केली की, पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या बंद पेटीत यावे आणि तेथून वर ढकलले जावे. त्या पेटीतूनच इंधन जात असल्याने तेथे तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलाबरोबरच द्यावे लागते. या इंजिनाचे बरेच आजार येथूनच सुरू होतात.

इंजिन सुरूच होत नसेल तर तीन प्रश्न विचारावेत. पेट्रोल पोचते काय? ठिणगी पडते काय? दाब धरतो काय? पाच-सहा वेळा दोरी ओढून प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकीतील गाळणी, नळी व कार्ब्युरेटर तपासावा. ओला असेल तर पेट्रोल येते, पण पेटत नाही. प्लग पुसून त्याच्या टोकांतील फट पाहावी. लहान इंजिनांत ती साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. मग सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे आणि प्लग त्याच्या भोकापासून दूर, धातूचे अंग इंजिनाला टेकवून, दोरी ओढावी. ठिणगी दिसली नाही तर नवा प्लग लावून पाहावा. तरीही नाही, तर दोष स्विच, तार किंवा कॉइल यांत आहे. शेवटी प्लग बसवून दोरी सावकाश ओढावी. हाताला अडथळा जाणवला नाही, तर रिंगा झिजल्या असाव्यात, फिटर गाठावा.

चालू होऊन थोड्या वेळाने बंद पडणारे इंजिन टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा चालू लागले, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. जोर कमी झाला तर आधी हवेची गाळणी साफ करावी, मग सायलेन्सर पाहावा. तेथे काजळी दाटली की जळका धूर बाहेर पडत नाही आणि ताज्या मिश्रणाला आत जागा राहत नाही. मात्र इंजिन आपोआप भरधाव होऊ लागले तर ताबडतोब थांबवावे. बहुधा कोठून तरी जादा हवा शिरत असते. अशा वेळी पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो.

तेल किती, हे यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच पाळावे. ५० ला १ सांगितले असेल तर १ लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर, २५ ला १ असेल तर ४०. अंदाजाने ओतू नये. मिश्रण ताजे वापरावे. २०२३ पासून पंपांवर येऊ लागलेले २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल ओल ओढून घेते. पाणी फार झाले की इथेनॉल पाण्यासह तळाशी बसते, तेल बहुतेक वरच राहते, आणि इंजिन तर तळचेच ओढते.

एका ठेकेदाराने चिकटलेल्या इंजिनाचा खर्च कामगाराच्या मजुरीतून कापावयाचे ठरविले होते. आम्ही ते इंजिन सर्वांसमोर उघडावयास लावले. पिस्टनवर कोरडे ओरखडे होते. मिश्रण कामगार करीत नसे. ते कोठीत होई, आणि तेल वाचविण्याचा हुकूम वरून आला होता. कपात रद्द झाली. नुकसानीपोटी मजुरी कापण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, हा १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याचा नियम २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. परंतु म्हणणे मांडावयाचे तर इंजिनाची भाषा कामगाराला आली पाहिजे. प्लगचा पाना त्याच्या हाती द्यावा आणि तेलाचे प्रमाण कोठीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे, एवढे आपल्या गावापासून सुरू करता येईल.