भातखाचरातल्या मिथेनचा हिशेब

१९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अंदाज मांडला, की भारतातल्या भातशेतीतून वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन हवेत जातो. त्यामागची मोजमापं युरोप-अमेरिकेतल्या शेतांची होती. तिथला आकडा आपल्या लागवडीच्या क्षेत्राला लावून हा हिशेब झाला होता. १९९२ ची रिओची पर्यावरण परिषद तोंडावर होती आणि तापमानवाढीचा दोष कुणाच्या माथी जाणार, हे अशाच आकड्यांवर ठरायचं होतं. त्याला तोंडी उत्तर देऊन भागण्यासारखं नव्हतं.

१९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने शास्त्रज्ञ ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या भातपट्ट्यांत मोजणीची मोहीम काढली. रोपांच्या चुडावर पारदर्शक पेटी उपडी घालायची, ठरावीक मिनिटांनी आतली हवा सिरिंजने ओढून घ्यायची आणि मिथेन किती वाढला ते गॅस क्रोमॅटोग्राफवर पाहायचं. उत्तर आलं ४० लाख टनांच्या आसपास. आधीच्या अंदाजाच्या जेमतेम एक दशांश!

एवढा फरक पडला तो चिखलामुळे. खाचरात पाणी तुंबलं की मातीत प्राणवायू उतरत नाही. उरलेला प्राणवायू जिवाणू संपवतात, मग नायट्रेट, लोह, सल्फेट यांच्यावर भागवतात. हे सगळं सरल्यावरच मिथेन बनवणाऱ्यांची पाळी येते. त्यांना ऊब हवी आणि कुजायला सेंद्रिय खाद्य हवं. तयार झालेला बहुतेक वायू भाताच्या पोकळ काडीतून, चिमणीतून धूर निघावा तसा, वर येतो; काही मुळांभोवतीच्या प्राणवायूत दुसरे जिवाणू फस्त करतात. आपल्याकडे बरंचसं भात पावसावरचं. पावसाने ओढ दिली की खाचर उघडं पडतं, मातीत हवा शिरते आणि मिथेन थांबतो. शिवाय आपल्या बऱ्याच जमिनींत सेंद्रिय कर्बही कमीच. परदेशातल्या सतत भरलेल्या शेतांचं माप इथे लागू पडणार कसं?

१९९१ मध्येच पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी पोटासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन एका तराजूत तोलू नका, असं ठणकावून सांगितलं. मला तो मुद्दा आजही तितकाच खरा वाटतो. २०२१ मध्ये ग्लासगोला मिथेन घटवण्याची जागतिक प्रतिज्ञा झाली, तेव्हा भारताने सही केली नाही ती याच भूमिकेतून.

दरम्यान हवेतला मिथेन काही वर्षं स्थिरावून २००७ पासून पुन्हा चढू लागला. २०२० आणि २०२१ मधली वाढ तर फारच मोठी होती, आणि कार्बनच्या समस्थानिकांचा पुरावा जिवाणूजन्य स्रोतांकडे, त्यातही उष्ण कटिबंधातल्या पाणथळ जागांकडे बोट दाखवतो. खारफुटीच्या चिखलाची गोष्ट थोडी वेगळी. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक असल्याने तिथे मिथेनवाल्यांची डाळ सहसा शिजत नाही. गोड्या पाण्याच्या दलदलींना ते कवच नाही.

भातशेतीतला मिथेन घटवायला आता सल्ला आहे तो खाचर आलटूनपालटून सुकवण्याचा. शेतात भोकं पाडलेली नळी रोवायची, पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरलं की पुन्हा भरायचं. कोकणात आषाढ-श्रावणात हे कुणाच्या हातात नाही. भंडारा-गोंदियातल्या उन्हाळी धानाला मात्र पाणी आपणच देतो, तिथे हे जमण्यासारखं आहे. मात्र माती सुकता-भिजताना नायट्रस ऑक्साइड वाढतो, आणि तो मिथेनहून कितीतरी पट तापवणारा. त्यामुळे शेतकऱ्याला खाचर सुकवायला सांगण्याआधी त्याच खाचरात, त्याच पेटीत दोन्ही वायू मोजले गेले पाहिजेत.