तबकडी, सुई आणि कान

पुण्याहून मिरजेस जाणाऱ्या लोहमार्गावरील रहिमतपूर हे गाव संगीताच्या नकाशावर सहसा कोणी दाखवीत नाही. गाण्याचा विषय निघाला की नाव निघते ते मिरजेचे; आणि ते योग्यच होय. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य तेथे होते, आणि तेथील कारागिरांच्या सतारी व तंबोरे देशभर जातात. त्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु नाटककार वसंत कानेटकर यांचा १९२० सालचा जन्म रहिमतपूरचा. आणि त्यांच्या १९६४ सालच्या ‘मत्स्यगंधा’ नाटकातील, जितेंद्र अभिषेकी यांनी स्वरबद्ध केलेली पदे ज्या घरांनी ते नाटक कधी पाहिले नाही त्या घरांतही पोहोचली. ती पोहोचविण्याच्या कामी तबकडीचा वाटा मोठा होता.

अशा गावांतील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर आजही तबकड्यांच्या चळती पडून असतात. आजोबांनी हौसेने घेतलेल्या, वडिलांनी जपलेल्या आणि नातवंडांनी न पाहिलेल्या. इकडे तीच नातवंडे पुण्या-मुंबईस नोकरी करून, मोठी रक्कम मोजून टर्नटेबल घरी आणतात व त्यावर इंग्रजी रॉक संगीताच्या तबकड्या ऐकतात. एकाच घरात, एकाच छंदाचे हे दोन टोकांचे उपासक! त्यांची गाठ पडली तर आनंद. परंतु ती अजाणतेपणी पडली तर दोन्ही ठेव्यांचा नाश ठरलेला. म्हणून या विषयाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

एकाच कारखान्याची भावंडे

रॉक म्हणजे परका गलबला, असा वडीलधाऱ्यांचा ग्रह असतो. आणि जुनी तबकडी म्हणजे नुसती खरखर, असा तरुणांचा. तबकडीचा इतिहास मात्र या दोहोंस जवळ आणतो. मिनिटास ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी मुख्यतः लाखेची असे. ही लाख आपल्या पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची. ती भारतातून जगभर जाई. विलायतेतील गवयाचा आवाजही अशा रीतीने आपल्या रानातील पदार्थावर उमटत असे.

पुढे १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी, व्हिनाइलची, एका बाजूस वीस-बावीस मिनिटे वाजणारी तबकडी काढली आणि पाश्चात्त्य देशांत लाखेची तबकडी मागे पडली. भारतात ती अधिक काळ टिकली. कारण असंख्य घरांत वीज नव्हती आणि किल्लीचा ग्रामोफोन विजेवाचून चाले. याचा परिणाम मोठा मौजेचा झाला. लिव्हरपूलच्या बीटल्स या चौकडीची गाणी १९६५ च्या सुमारापर्यंत कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्यात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर छापली गेली! आज जगभरचे संग्राहक त्या भारतीय तबकड्या शोधीत फिरतात. ज्या कारखान्यातून आपली नाट्यगीते आली, त्याच कारखान्यातून ही गाणीही आली.

इतकेच नव्हे, तर त्यांच्यापैकी जॉर्ज हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत मुंबईस आला आणि एच्. एम्. व्ही.च्या ध्वनिमुद्रणालयात भारतीय वादकांना घेऊन त्याने ध्वनिमुद्रण केले. त्या वादकांत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया हे होते. तेव्हा नातवाच्या तबकडीत आजोबांना ओळखीचे काहीच सापडणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

खाचेचे शास्त्र

आता यंत्राकडे वळू. तबकडीवर ध्वनी लिहिलेला असतो तो एका अखंड नागमोडी खाचेत. मोठ्या तबकडीच्या एका बाजूची ही खाच सरळ केली तर ती सुमारे अर्धा किलोमीटर भरेल. हिऱ्याची सूक्ष्म सुई तीतून चालते. खाचेच्या दोन भिंती तिला हलवितात. सुईमागील चुंबक व तारेचे वेटोळे त्या हालचालीचे अतिशय क्षीण विद्युत्प्रवाहात रूपांतर करतात, आणि वर्धक यंत्र तो प्रवाह वाढवून ध्वनिक्षेपकाकडे धाडते. १९५८ च्या सुमारास द्विमार्गी ध्वनीच्या तबकड्या बाजारात आल्या, तेव्हापासून एक भिंत डाव्या कानाची व दुसरी उजव्या कानाची झाली.

मग महागडे यंत्र अधिक करते तरी काय? पहिली गोष्ट, ते चकती सम वेगाने फिरवते. वेग एक टक्का चुकला तर स्वर आपल्या प्रमाणश्रुतीच्या सुमारे पाऊण हिश्शाहून किंचित अधिक ढळतो. सारखाच जलद किंवा सारखाच मंद असेल तर कान ते सोसतो. परंतु तो वेग क्षणोक्षणी बदलू लागला की षड्ज थरथरू लागतो. म्हणून यंत्राची परीक्षा ढोलांच्या गजराने करू नये. तंबोऱ्याच्या लांबलेल्या स्वराने करावी. तो स्वर निश्चल राहिला तर यंत्र खरे.

हा समवेग साधण्याचे मार्ग तीन. १९५४ च्या इंग्लिश गॅरार्ड ३०१ यंत्रात रबरी चाक चकतीच्या कडेस टेकून तिला फिरवते. १९७२ च्या स्कॉटलंडमधील लिन सोंडेक यंत्रात, चरख्याच्या माळेने चाती फिरावी तशी, पट्ट्याने चकती फिरते. १९७० च्या जपानी टेक्निक्स एस्‌पी-१० मध्ये चकती थेट मोटरच्या आसावरच बसविलेली. तिन्हींचे भक्त आहेत आणि तिन्हींत उत्तम यंत्रे झाली आहेत.

दुसरी गोष्ट शांततेची. पिंक फ्लॉइड यांची १९७३ सालची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही तबकडी हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते व ठोक्यांनीच संपते. त्या मंद आवाजात मोटरची घरघर मिसळली किंवा धुळीचा एक कण तडतडला तर सारा परिणाम बिघडतो. यास्तव जड बैठक, स्थिर मेज आणि स्वच्छ तबकडी यांचे महत्त्व.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत मोठी. आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होते. तबकडी ही ऐकण्याने झिजणारी वस्तू आहे. जुन्या ग्रामोफोनचा ध्वनिपेटीसकट भार सुईवर शंभर ग्रॅम व त्याहून अधिक पडे. लाखेत मुद्दाम दगडाची पूड मिसळलेली असे, म्हणजे पोलादी सुई घासून खाचेत नीट बसावी. आणि दर बाजूस सुई बदलण्याचा नियम त्यामुळेच होता. आजच्या चांगल्या यंत्रात हा भार दीड-दोन ग्रॅमच असतो. उत्तम यंत्र ते, जे तबकडीला सर्वांत कमी दुखवते. झळाळत्या सांगाड्यावर पैसा ओतून झिजलेली सुई तशीच ठेवणाऱ्याने घराला तोरण बांधले खरे, पण पाया तसाच सोडला.

घरात हे कसे पाळावे?

नव्या यंत्रावर आजोबांची तबकडी तशीच चढवू नये. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच पुष्कळ रुंद असते. तिला निराळी, जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई तिच्या तळाशी घरंगळून खरखर तेवढी ऐकविते. आणि जाड सुई व्हिनाइलवर लावली तर ती खाचेचाच घात करते. तबकड्या स्वच्छ करताना आणखी एक पथ्य पाळावे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून लाखेच्या तबकडीस स्पिरिट कधीही लावू नये. शुद्ध पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब व मऊ कापड एवढे पुरे. तबकड्या आडव्या रचू नयेत. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. आपल्याकडील वैशाखात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. त्या उष्णतेने तबकडी वाकते आणि एकदा वाकलेली तबकडी क्वचितच सरळ होते.

दुर्मीळ तबकडी असेल तर ती योग्य सुईने एकदा वाजवून तिचा ध्वनी संगणकात उतरवून घ्यावा व मूळ वस्तूस विश्रांती द्यावी. मुंबईस १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जुन्या मुद्रिकांच्या अभ्यासाचे मोठे काम केले आहे. घरोघरच्या माळ्यांवर काय आहे याची साधी यादी जरी झाली, तरी तेही लहान काम नव्हे.

येथे एक शंका कोणी घेईल: संगणकातील ध्वनी अधिक स्वच्छ असताना एवढा खटाटोप कशाला? शंका रास्त आहे. मोजमापाच्या दृष्टीने अंकीय ध्वनीत खरखर कमी व अचूकपणा अधिक, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तबकडीचा गुण केवळ ध्वनीत नाही. तो ऐकणाऱ्यास लावणाऱ्या शिस्तीत आहे. ती पुसावी लागते, सुई हळूच ठेवावी लागते, बाजू संपताच उठावे लागते. खाँसाहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा केला. ती तीन मिनिटे कोणी मध्ये बोलला तर गेली. बीटल्सच्या १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर’ या तबकडीच्या विलायती छापात शेवटच्या वर्तुळाकार खाचेतही ध्वनी भरलेला आहे. जोवर कोणी उठून दांडी उचलीत नाही, तोवर तो फिरत राहतो. ऐकणाऱ्याने उठावे, एवढीच जणू त्या तबकडीची अपेक्षा!

आमची सूचना साधी आहे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर आठवड्यातून एक वेळ घरातील सर्वांनी एकत्र बसावे. एक बाजू आजोबांच्या आवडीची, एक नातवाच्या. आणि बाजू पुरी होईपर्यंत कोणी टीका करू नये. मत मग द्यावे. ज्याने दुसऱ्याची बाजू शेवटपर्यंत ऐकली, त्याचे मत ऐकण्यास दुसराही तयार होतो. एवढे साधले तर त्या यंत्राची किंमत वसूल झाली असे आम्ही समजू.