६.७ वरून ६.९ इंच: फरक किती?

आयफोन १५ प्रो मॅक्स असताना १६ प्रो मॅक्स घ्यावा का? निव्वळ स्क्रीनसाठी तरी नाही. ६.७ वरून ६.९ इंच ही वाढ कर्णाची आहे. दोन्हींत इंचाला ४६० पिक्सेल. म्हणून २७९६ × १२९० आणि २८६८ × १३२० यांचा गुणाकार करून पाहा, जागा जेमतेम ५ टक्के वाढते. बदल्यात रुंदी ७६.७ वरून ७७.६ मिलिमीटर, वजन २२१ वरून २२७ ग्रॅम. एका हातात धरणं आणखी अवघड (आधी तरी कुठे सोपं होतं!). नवी बॅटरी जास्त टिकते, हे खरंच; पण जुन्या फोनची बॅटरी बदलणं कितीतरी स्वस्त. पाचपट झूमही १५ प्रो मॅक्समध्ये आहेच. ६.१ इंची आयफोन १३ वाल्यांचं गणित मात्र वेगळं: सुमारे २८ टक्के जास्त जागा, आणि फोनवरच पीडीएफ वाचणाऱ्याला ती नक्की जाणवेल.